अन्ननलिकेतली साधी गाठ दुर्बिणीने कशी काढतात? बायॉप्सी का घेतली नाही?

प्रश्न: सोलापुरात सासऱ्यांच्या अन्ननलिकेत मध्यभागी ५ सेंमीची गाठ निघाली. घास अडकतो. सोनोग्राफीच्या एंडोस्कोपीत, म्हणजे ईयूएसमध्ये, लिओमायोमा, म्हणजे स्नायूची साधी गाठ, सांगितला, पण तुकडा तपासायला घेतलाच नाही. हा हलगर्जीपणा नाही का?

उत्तर: अजिबात नाही. ही गाठ स्नायूच्या थरात वाढते, वरचं अस्तर शाबूत असतं. चिमट्याने घेतलेला तुकडा बहुधा अस्तराचाच येतो आणि ती जखम भरताना अस्तर गाठीला चिकटतं. पुढे गाठ सोडवताना नेमकं तिथेच भोक पडतं. कडा वेड्यावाकड्या असतील किंवा जिस्टची, म्हणजे कॅन्सरकडे झुकू शकणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या गाठीची, शंका असेल, तर ईयूएसमधून सुईने नमुना घेतात.

मधल्या भागातली गाठ छातीच्या उजव्या बाजूने काढतात, जठराजवळची पोटातून. दुहेरी नळीने भूल देऊन उजवं फुप्फुस तेवढ्यापुरतं हवा काढून मिटवतात, तीन-चार छिद्रं पाडतात. स्नायू उभा चिरतात, गाठीत टाका घालून दोरा ताणून धरतात आणि बोथट हत्याराने, शेंग फोडून दाणा काढावा तशी, ती अख्खी बाहेर घेतात. खरी कसोटी अस्तराजवळ. तिथे विजेचा चटका लागला तर त्या दिवशी काही दिसत नाही, गळती दोन-चार दिवसांनी सुरू होते. म्हणून तिथे वीज टाळतात. अस्तराला भोक पडलंय का हे पाहायला छातीत सलाइन भरून एंडोस्कोपने हवा सोडतात. बुडबुडे आले की तिथल्या तिथे टाके. ही चाचणी करणार का, हे सर्जनना जरूर विचारा. शेवटी स्नायूही शिवायचा. तो उघडा राहिला तर अस्तर फुग्यासारखं बाहेर येतं आणि घास पुन्हा अडकतो.

तोंडातून, अस्तराखाली बोगदा करून काढायची पद्धतही आहे, पण ती साधारण ३-४ सेंमीपर्यंतच सोयीची; मोठी गाठ घशातून बाहेर येत नाही. गाठ २ सेंमीहून लहान आणि त्रास नसेल, तर मी नुसती नजर ठेवायला सांगेन. अन्ननलिकेला वेढा घातलेली गाठ मात्र वेगळं प्रकरण. कधी अन्ननलिकेचा भागच काढावा लागतो.

तंबाखू, विडी आधीच बंद करा; फुप्फुसाला त्रास विडीचाच होतो. ऑपरेशननंतर औषध पाजून एक्सरे काढतात, गळती नसेल तर पाणी, मग पेज, मऊ वरणभात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन-तीन आठवडे नको. ताप, छातीत दुखणं, नाडी जलद यांपैकी काहीही झालं तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.