रातांबा, कोकम, आमसूल : शब्द किती आणि वस्तू किती?

प्रश्न असा आहे : एका पाककृतीत ‘चार आमसुले’ लिहिलेली असतात, दुसरीत ‘कोकम’, आणि कोकणातले लोक ‘रातांबे’ म्हणतात, हे तिन्ही एकच का, आणि ‘आमसुलाचे झाड’ म्हणणे चूक आहे का?

झाड एकच आहे : पश्चिम घाटाच्या उतारावर आणि कोकण-गोव्याच्या परसांत वाढणारे, लोंबत्या फांद्यांचे, सदाहरित ‘गार्सिनिया इंडिका’. शब्द मात्र त्या झाडापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या निरनिराळ्या टप्प्यांचे आहेत. नारळी आणि नारळ, तशी रातांबी हे झाड आणि रातांबा हे फळ. ‘राता’ म्हणजे लाल हा जुन्या मराठीतला शब्द ‘रक्त’वरून आलेला आहे, तोच येथे टिकून राहिलेला दिसतो, पिकलेला रातांबा फोडला की बोटांना जो रंग लागतो, तो पाहता हे नाव सार्थ वाटते.

एप्रिल-मेमध्ये फळे पिकली की ती फोडून बिया व गर वेगळा काढतात, आणि गराच्या रसात मीठ घालून त्यात साली भिजवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा भिजवायच्या, असे काही दिवस चालते. शेवटी जी काळपट, मऊ, किंचित चिकट साल उरते, ती आमसूल. त्यातला ‘आम’ आंबटपणाचा आणि ‘सोल’ सालीचा. कोकणात ‘आमसोल’ किंवा नुसते ‘सोल’ म्हणतात, त्यावरून सोलकढी. ताज्या फळाच्या लाल रंगाने रातांब्याला नाव दिले, तर वाळलेल्या सालीच्या रंगाने साडीच्या दुकानाला ‘आमसुली’ हा शब्द दिला, इतका या दोन अवस्थांत फरक आहे. (लिहिताना ‘आमसूल’ दीर्घ, पण ‘आमसुले, आमसुलाचे’ ऱ्हस्व.)

‘कोकम’ हा शब्द झाड, फळ, साल आणि सरबत या सर्वांना चालतो, म्हणूनच तो सोयीचा आणि म्हणूनच घोटाळ्याचा. भौगोलिक मानांकनातही ‘सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम’ असेच नाव आहे. देशावर फळ क्वचितच पोहोचते, पोहोचते ती वाळलेली साल. त्यामुळे तिकडच्या माणसाने ‘आमसुलाचे झाड’ म्हटले तर अर्थ कळतो, पण ते ‘बेदाण्याचा वेल’ म्हणण्यासारखे आहे. काटेकोर लिहायचे असेल तर मी ते टाळीन.

गोव्यात याच फळाला ‘भिरंड’ म्हणतात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या फळाची नोंद केली, ती याच शब्दाच्या पोर्तुगीज रूपाने, आणि पुढे वनस्पतिशास्त्रातही ‘ब्रिंडोनिया’ हे नाव काही काळ वावरले. ‘गार्सिनिया’ मात्र या गार्सियावरून नव्हे, तर लॉरेंट गार्सिन या निसर्गअभ्यासकावरून आले आहे; नामसाम्यामुळे ही गल्लत वारंवार होते.

लागवड करणाऱ्याला आणखी एक भेद ठाऊक असावा लागतो. रातांबीत नर व मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांपासून केलेले रोप नर की मादी हे कळायला ते फुलावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, थांबावे लागते; म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’सारख्या जातींची कलमे लावतात. बियांतून निघणारे, खोलीच्या तापमानाला घट्ट राहणारे तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात.

पाककृती लिहिणाऱ्यांनी मात्र ‘कोकम’ एवढ्यावर भागवू नये. आमसूल वाळलेले असते आणि भिजवावे लागते. आगळ हा मीठ घातलेला आंबट रस असतो, त्यामुळे तो वापरल्यावर वरून मीठ बेतानेच घालावे लागते. आणि साखरेत मुरवलेले, सरबतासाठीचे ‘अमृत कोकम’ सोलकढीत ओतले तर नारळाचे दूध फुकट जाते.