गीझर दुरुस्त करायचा की बदलायचा?

यावेळच्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे: गीझर कुरकुरतोय, आता नवाच घ्यावा का? टाकीच्या गीझरबद्दल माझं ठरलेलं उत्तर असं, की आधी टाकी शाबूत आहे का ते बघा. पाणी तापवणारी कॉइल, तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट, सांधा घट्ट ठेवणारं गॅस्केट, जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह हे सगळं बदलता येतं. टाकी फुटली की मात्र खेळ संपला.

प्रश्न : गीझरखाली पाणी ठिबकतं. कारागीर म्हणतो, टाकी गेली, नवा घ्या. विश्वास ठेवावा का?

पाणी नेमकं कुठून येतंय हे बघितल्याशिवाय ठेवू नका. गीझर बंद करा, खालचा भाग कोरडा पुसा आणि पुन्हा चालू करून लक्ष ठेवा. पाणी तापतानाच सेफ्टी व्हॉल्व्हच्या छोट्या तोंडातून थेंब पडत असतील आणि तापणं थांबल्यावर तेही थांबत असतील, तर काहीच बिघडलेलं नाही. २० अंशांचं पाणी ६० अंशांवर नेलं की ते साधारण दीड टक्का फुगतं. २५ लिटरच्या टाकीत हे वाढीव पाणी पाव लिटरहून जास्त भरतं. ते मागे पाइपात जाऊ शकत नसेल, तर व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडणार. गीझर थंड असतानाही ठिबक चालूच असेल, तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा येणाऱ्या पाण्याचा दाब जास्त आहे. ते तोंड बूच मारून बंद करणारे महाभाग असतात. तसं कधीही करू नका. थर्मोस्टॅट अडकून पाणी तापतच राहिलं, तर दाब बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते.

कॉइल जिथे टाकीत शिरते त्या झाकणापाशी ओल असेल, तर बहुधा गॅस्केट गेलंय. किरकोळ काम आहे. बाहेरच्या आवरणाच्या सांध्यातून तांबूस पाणी झिरपत असेल आणि आतलं फोम भिजलेलं असेल, तर मात्र कारागीर खरं बोलतोय.

प्रश्न : पाणी छान तापतं, तरी सर्व्हिसिंगवाला ‘रॉड बदला’ म्हणतो. उगाच खर्च तर नाही?

उगाच नाही. अख्ख्या गीझरमध्ये दुर्लक्षित असा हाच एक भाग आहे आणि टाकीचं आयुष्य त्याच्यावरच उभं आहे. लोखंडी टाकीला आतून काचेसारखा मुलामा असतो, पण तो सगळीकडे सलग बसत नाही. सांध्यांवर, कोपऱ्यांत बारीक छिद्रं राहतात आणि तिथून गंज सुरू होतो. म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड सोडलेला असतो. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजतं, आणि ते झिजत असेपर्यंत लोखंड वाचतं. रॉड संपला की पाळी टाकीची. बाहेरून काहीच कळत नाही. पाणी पूर्वीसारखंच तापत राहतं.

काढलेला रॉड हातात घेऊन बघा. नवा असतो तेव्हा तो सलग, गुळगुळीत कांडी असतो. वापरलेला खड्ड्याखड्ड्यांचा, कुठे जाड तर कुठे कुरतडल्यासारखा दिसतो. मधली लोखंडी तार उघडी पडायला लागली की बदलायचा. वर्षातून एकदा उघडून बघायला सांगा. पाणी क्षारांचं असेल किंवा घरात सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र) लावला असेल, तर वर्षाची वाट बघू नका. सॉफ्टनरच्या पाण्यात रॉड आणखी लवकर झिजतो.

प्रश्न : तापताना टाकीतून कटकट आवाज येतो. वीजबिलही क्षारांमुळेच वाढलंय का?

आवाज क्षारांचा आहे. कॉइलवर पांढरट थर बसतो, त्याच्याखाली अडकलेलं पाणी उकळून फुटतं. बिलाबद्दल मात्र मी सगळा दोष क्षारांना देणार नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे थर असला तरी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. खरं नुकसान होतं ते कॉइलचं. उष्णता लवकर बाहेर न पडल्याने ती आतून जास्त तापते आणि एक दिवस जळते. तेव्हा सर्व्हिसिंगच्या वेळी कॉइल काढून साफ करून घ्या आणि तळाचा गाळ धुऊन काढायला सांगा. बिल वाढलंच असेल, तर थर्मोस्टॅट कुणी पुढे सरकवलाय का ते बघा.

प्रश्न : फक्त गरम पाण्यालाच कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो.

पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जंतू टाकीत वाढलेत, आणि मॅग्नेशियमचा रॉड त्यांना मदतच करतो. रॉड काढून टाकू नका, टाकी गंजेल. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, पाणी ६० अंशांवर तापवा आणि काही तास तसंच ठेवा. तेव्हा नळ जपून उघडा, ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. वास परत आला तर अॅल्युमिनियम-जस्ताचा रॉड बसवून घ्या. एरवीही थर्मोस्टॅट फार खाली ठेवू नका; लिजिओनेलासारख्या जंतूंना २० ते ४५ अंशांचं साचलेलं पाणी मानवतं.

प्रश्न : दिवसभर चालू ठेवावा की लागेल तेव्हाच?

लागेल तेव्हाच. टाकीतून उष्णता सतत बाहेर पडत असते, ती भरून काढायला वीज लागते.

प्रश्न : १५ लिटरचा घ्यावा की २५?

हिशेब करा. टाकीत २५ लिटर पाणी ६० अंशांवर आहे आणि नळाचं थंड पाणी २० अंश आहे, तर दोन्ही निम्मेनिम्म मिसळून ४० अंशांचं ५० लिटर होतं. प्रत्यक्षात थोडं कमी धरा, कारण वापरताना आत येणारं थंड पाणी मिसळत जातं. आडव्या गीझरमध्ये ते जास्त मिसळतं. जागा असेल तर उभाच घ्या. २५ लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे १.२ युनिट वीज आणि २००० वॉटच्या कॉइलला ३५ मिनिटं लागतात. १५ लिटरचं हेच काम २१ मिनिटांत होतं. तेव्हा एकामागून एक आंघोळी असतील तर २५, मध्ये अर्धा तास थांबता येत असेल तर १५ पुरेल.

लिटर बघताना टाकी किती बारचा दाब सोसते तेही बघा. दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब वाढतो, म्हणजे गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याचा सगळ्यात जास्त दाब खालच्या मजल्यावर येतो.

प्रश्न : आंघोळ करताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.

आत्ताच्या आत्ता मेन ब्रेकर बंद करा, मग पुढचं वाचा. बहुधा कॉइलला चीर पडून वीज पाण्यात उतरतेय आणि अर्थिंगही नीट नाही. वायरमनने दोन्ही तपासेपर्यंत गीझर वापरू नका, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्या. कॉइल बदलली तर टाकी भरण्याआधी बटण दाबू देऊ नका. गरम पाण्याच्या नळातली फुरफुर थांबून सलग धार आली पाहिजे, नाहीतर नवी कॉइलही कोरड्यातच जळेल.