विचारा, सांगते : ग्रीसमधल्या नाफ्प्लियोत चार दिवस

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मी, माझे यजमान आणि बाहत्तर वर्षांच्या सासूबाई ग्रीसला जाणार आहोत. अथेन्स पाहून झालं की चार दिवस उरतात. सगळे सांतोरिनी सुचवतात, पण आम्हाला बोटींची दगदग आणि गर्दी नको. समुद्र हवा, इतिहास हवा. टूर कंपनीच्या एका दिवसाच्या सहलीत नाफ्प्लियो हे नाव दिसलं. तिथे मुक्काम करण्यासारखं काही आहे का? सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि आम्ही तिघंही शाकाहारी आहोत.
– एक वाचक, सांगली

उत्तर : चारही दिवस नाफ्प्लियोला द्या. त्या सहलींच्या बसेस तिथे जेमतेम जेवणापुरत्या थांबतात, माणसं आइस्क्रीम खाऊन, बंदरावर फोटो काढून परत निघतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण आधुनिक ग्रीस देशाची पहिली पावलं ज्या गल्ल्यांमधून पडली, त्याच गल्ल्या त्या तासाभरात बघायच्या राहून जातात.

१८२९ ते १८३४ या काळात नाफ्प्लियो ही ग्रीसची राजधानी होती, अथेन्स राजधानी झालं ते त्यानंतर. जुन्या गावात आगिओस स्पिरिदोन नावाचं एक लहानसं चर्च आहे. नव्या देशाचे पहिले प्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास ऑक्टोबर १८३१ मध्ये एका रविवारी तिथे प्रार्थनेला आले आणि दारातच त्यांची हत्या झाली. मारणारे दोघे मानी प्रांतातल्या मावरोमिखालिस घराण्यातले, एकमेकांचे काका-पुतणे. त्यांच्या घराण्याच्या म्होरक्याला कापोदिस्त्रियास यांनी तुरुंगात टाकलं होतं. दाराशेजारच्या भिंतीत गोळीची म्हणून दाखवतात ती खूण काचेखाली जपून ठेवली आहे. मी वर्गात हा काळ शिकवत असे, तेव्हा तो मुलांसाठी सनावळीपुरताच असायचा. त्या अरुंद गल्लीत उभं राहिलं की कळतं, सरदार-घराण्यांच्या मुलखाचं राज्य बनवणं म्हणजे काय दिव्य होतं. सकाळी लवकर जा, गल्ली मोकळी असते.

तिथून सिन्ताग्मा चौक जवळच आहे. एका बाजूला व्हेनिसच्या आरमाराचं १७१३ चं दगडी कोठार, त्यात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. मागे एक मशीद, जिथे स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ग्रीकांची संसद भरत असे. व्हेनिस, तुर्क आणि ग्रीक या तिघांच्या इमारती इतक्या जवळजवळ आहेत की सासूबाईंना चौकातल्या बाकावर बसूनही पुष्कळसं दिसेल.

आता गुडघ्यांचं. डोंगरावरच्या पालामिदी किल्ल्याला गावातून पायऱ्या जातात. गावातले लोक ९९९ म्हणतात, प्रत्यक्षात त्याहून कमी आहेत, तरी चढण खडी आहे आणि सावली जवळजवळ नाही. सासूबाईंना त्या वाटेने अजिबात नेऊ नका. मागच्या बाजूने डांबरी रस्ता थेट दरवाज्यापर्यंत जातो, टॅक्सी करा. आतही दगड ओबडधोबड आहेत, काठी आणि पाणी बरोबर असू द्या. यजमानांना हौस असेल तर त्यांनी पायऱ्यांनी यावं, वर भेट होईल.

वर गेल्यावर नुसता समुद्र बघून परतू नका. हा किल्ला व्हेनिसने १७११ ते १७१४ मध्ये बांधला. आठ बुरूज, आणि प्रत्येक बुरूज स्वतंत्रपणे लढवता यावा अशी रचना. एक पडला तरी दुसरा झुंजत राहावा. एवढं करूनही १७१५ मध्ये, म्हणजे बांधून वर्ष उलटतं न उलटतं तोच, तो तुर्कांनी घेतला, कारण तट भक्कम असले तरी शिबंदी अगदी तुटपुंजी होती. पुढे १८२२ च्या नोव्हेंबरअखेरीस ग्रीकांनी रात्री छापा घालून तो जिंकून घेतला. स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी कोलोकोत्रोनिस यालाही पुढे याच किल्ल्यात, स्वतःच्याच देशाच्या सरकारने कैद करून ठेवलं.

खाली पाण्यात दिसतो तो बुर्द्झी. जंजिरा, सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला तो चिमुकला वाटेल, पण काम तेच : बंदराच्या तोंडावरचा पहारा. किल्ला आणि गाव यांच्यामध्ये पाण्यात साखळी बांधून जहाजं अडवत असत. बंदरावरून छोट्या बोटी जातात. आत उतरवतात की नुसती फेरी मारतात, ते तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

जेवणाची काळजी नको. तेलात शिजवलेल्या भाज्यांना तिथे लादेरा म्हणतात. फरसबी, भेंडी, वांगी-बटाट्याचं ब्रियाम, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे गिगान्देस, हे सगळं घरगुती खानावळीत मिळतं. मात्र ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपासाचं, असं ऐकून निर्धास्त होऊ नका. त्यांच्या उपासाला मांस, दूध, अंडी चालत नाहीत, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात! भरलेल्या टोमॅटोतही कधी खिमा असतो. ताटात काय आहे ते नेमकं विचारा.

अथेन्सहून किफिसोस बसस्थानकावरून बस मिळते, सव्वादोन-अडीच तास लागतात. रेल्वे नाही. खोली घेताना जुन्या गावात वरच्या अंगाला घेऊ नका, त्या सगळ्या पायऱ्यांच्याच गल्ल्या आहेत. चौक किंवा बंदर यांच्याजवळ सपाटीवर घ्या आणि लिफ्ट आहे का ते लेखी विचारा.

प्रश्न : नाफ्प्लियोहून एकच दिवस बाहेर काढता येणार आहे. मायसिनी की एपिदाव्रोस?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मायसिनी, आणि वाटेत तिरिन्स. दोन्ही ब्रॉन्झयुगातले तटबंदीचे राजवाडे. तिरिन्स गावापासून जेमतेम चार किलोमीटरवर आहे, तरी बहुतेक गाड्या पुढे निघून जातात. तिथले दगड एवढे अजस्र आहेत की पुढच्या काळातल्या ग्रीकांना ही भिंत एकाक्ष राक्षसांनीच रचली असं वाटे. मायसिनीला सिंहद्वार सगळे पाहतात. इसवी सनापूर्वी सुमारे १२५० मधलं ते काम आहे. पण ‘अत्रेयसचा खजिना’ म्हणतात ती घुमटाकार समाधी चुकवू नका. ती किल्ल्याबाहेर, रस्त्यालगत आहे. दाराच्या वरची आतली शिळा १२० टनांच्या आसपास भरते. त्या शिळेखाली उभं राहून मान वर करा.

एपिदाव्रोसचं प्राचीन खुलं रंगमंदिर सुंदरच आहे, पण त्याची खरी वेळ जुलै-ऑगस्ट, तिथे नाटकं होतात तेव्हा. मायसिनीचा सोन्याचा मुखवटा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तो आधी पाहून या. आणि नाफ्प्लियोच्या संग्रहालयात जवळच्या देन्द्रा गावी १९६० मध्ये सापडलेलं ब्रॉन्झचं अख्खं चिलखत आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा वार कोणता ते निघण्याआधी पाहून ठेवा.