वाचकांचे प्रश्न : चाकांवरचा बास्केटबॉल

प्रश्न : व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूच्या नावावर सामन्याआधीच गुण असतात, असे ऐकले. ते कशासाठी? अशा खेळाडूची कारकीर्द कशी घडते?

उत्तर : हे गुण बास्केटचे नसून शारीरिक क्षमतेचे असतात. ज्याचा धडावर ताबा जवळजवळ नाही त्याला 1, तर ज्याच्या हालचालींवर सर्वांत कमी मर्यादा आहेत त्याला 4.5 गुण मिळतात. मैदानावरील पाच जणांची बेरीज 14 पेक्षा अधिक असू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम असल्यामुळे तीव्र अपंगत्व असलेल्या खेळाडूचे संघातील स्थान केवळ दयेवर अवलंबून राहत नाही, आणि मला हीच या खेळाची खरी हुशारी वाटते. बास्केटची उंची मात्र नेहमीचीच, 3.05 मीटर. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना सलग दोनदाच रेटा देता येतो. तिसऱ्या रेट्याआधी तो टप्पा मारून खेळवावा लागतो, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जातो.

कारकिर्दीसाठी कॅनडाच्या पॅट्रिक अँडरसनचे उदाहरण पाहावे. नऊ वर्षांचा असताना मद्यधुंद चालकाच्या गाडीने धडक दिल्याने त्याला दोन्ही पाय गुडघ्याखाली गमवावे लागले. पुढे 2000, 2004 आणि 2012 मध्ये त्याच्या संघाने पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवले. खुर्ची एका चाकावर कलती करून हात अधिक उंच नेण्याचे त्याचे कसब विशेष गाजले. 2008 च्या बीजिंग पॅरालिम्पिकमधील रौप्यपदकानंतर तो खेळ सोडून संगीताकडे वळला होता. 2012 चे लंडनमधील सुवर्ण त्यानंतरचे!