‘रक्त पातळ’ की ‘रगत थांबत नही’?

प्रश्न जळगावहून आला आहे: हिमोफिलियाला आमच्याकडे ‘रक्त पातळ असणं’ म्हणतात, ते बरोबर आहे का?

नाही, आणि इथे शब्द चुकला की उपचारही चुकतो. या आजारात रक्ताचा दाटपणा इतरांसारखाच असतो. कमी असतं ते रक्त गोठवणारं एक प्रथिन: ‘ए’ प्रकारात फॅक्टर ८, ‘बी’ प्रकारात फॅक्टर ९. त्यामुळे जखमेतून रक्त जोरात येत नाही, फार वेळ येत राहतं. ‘पातळ’ म्हटलं की घरचे बीट-खजूर खाऊ घालतात. त्याने फॅक्टर वाढत नाही. अहिराणीतलं ‘रगत थांबत नही’ हे वर्णन कितीतरी अचूक आहे. डॉक्टरांनाही तेच सांगावं, दात पडल्यावर किती वेळ थांबलं नाही यासकट.

‘साकळणे’ मात्र जपून वापरावा. रक्त साकळलं म्हणजे गोठलं, आणि कातडीखाली साठलं असंही. ‘गुडघ्यात रक्त साकळलंय’ ऐकणाऱ्याला वाटतं, थांबलं एकदाचं. आत ते झिरपतच असतं. त्यापेक्षा ‘गुडघा सुजलाय, गरम लागतोय, पाय सरळ होत नाही’ म्हणावं. असा सांधा चोळू नये, शेकू नये. हलवू न देता कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि फॅक्टर शक्यतो दोन तासांत द्यावा, तोही शिरेतून. दुखणं थांबवायला कमरेत सुई टोचली तर स्नायूत नवा रक्तस्राव होतो, अ‍ॅस्पिरिनही नको. (रक्तस्राव, ‘स्त्राव’ नव्हे, धातू ‘स्रु’, म्हणजे पाझरणे.)

सगळ्यात मोठी फसगत ‘घराण्यात कुणाला आहे का?’ या प्रश्नात होते. घराणं म्हटलं की आपण बापाची बाजू आठवतो. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला तो आईकडून येतो. म्हणून काका-चुलतभाऊ नव्हे, मामा, मावसभाऊ, आईचे वडील, आईचा मामा यांची चौकशी करावी. आई वाहक, म्हणजे हा दोष पुढे देऊ शकणारी, असेल तर प्रत्येक आंडोरला (मुलाला) आजार होण्याची आणि प्रत्येक आंडेरला (मुलीला) वाहक होण्याची शक्यता निम्मी. ‘वाहक’ हाच शब्द ठेवावा. ‘आईचा दोष’ म्हणणं क्रूर आहे, आणि चूकही, कारण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या मागे कुणालाच हा आजार नसतो. तेव्हा आईच्या माहेरी कुणी नसलं तरी एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) आणि मग फॅक्टरची पातळी तपासून घ्यावी.