उंची सहा फूट दोन, म्हणून पोलिसातच घालायचं का?

प्रश्न : माझा मुलगा नागपुरातच अकरावी सायन्सला आहे. वय १६, उंची सहा फूट दोन इंच. लहानपणापासून एनडीएचं वेड. खोलीभर विमानांची चित्रं आणि नकाशे लावलेत. यंदा चष्म्याचा नंबर एकदम वाढला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यातली लेन्स सरकल्याचं सांगून हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. टू-डी इकोत महाधमनीचं माप ४.१ सेंटिमीटर आलं. मार्फन सिंड्रोम म्हणाले. गोळी सुरू आहे. चष्म्याने नजर ६/१२. मुलाला फक्त ‘हार्टचा थोडा प्रॉब्लेम आहे, पळू नको’ एवढंच सांगितलंय. त्याचे बाबा सहा वर्षांपूर्वी, ४१व्या वर्षी अचानक गेले, अटॅक आला म्हणाले. तेही असेच उंच, सडपातळ. आता दीर म्हणतात एवढी उंची आहे, एमपीएससीला बसव, पोलिसात घाल, माझा भाऊ म्हणतो इंजिनिअरिंगला पुण्याला पाठव, सासूबाई म्हणतात घरीच ठेव. फॉर्मवर आजार लिहायचा का? अपंग प्रमाणपत्र मिळेल का? धाकटी सातवीत आहे, ती ठणठणीत आहे, शाळेच्या खो-खो संघात खेळते. – एक आई, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, एनडीए आणि पोलीस भरती हे दोन विषय आजच बाजूला ठेवा. त्याचं कारण खाली सांगते. पण सासूबाईंचं घरी ठेवणंही तितकंच चुकीचं आहे, आणि या दोन टोकांच्या मध्ये भरपूर जागा आहे. मी करिअरचं बघते, डॉक्टर नाही. शरीराबाबत शेवटचा शब्द त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांचा.

मात्र करिअरच्या आधी एक काम आहे. ज्याच्या आयुष्याचं आपण ठरवतोय, त्याला आजाराचं नावसुद्धा माहीत नाही. ‘पळू नको’ एवढ्यावर सोळा वर्षांचा पोरगा किती दिवस थांबेल? ‘काय बे, एवढा उंच अन् सुकडा, चल जिमला,’ असं म्हणणारा मित्र त्याला याच वर्षी भेटणार. आणि जिमचं बेंच प्रेस हीच नेमकी त्याच्यासाठी सगळ्यात वाईट गोष्ट आहे. पुढच्या तपासणीला त्याला सोबत न्या, डॉक्टरांना तुमच्याशी नाही, त्याच्याशी बोलायला सांगा. इकोचा आकडा त्याचा त्याला पाठ हवा.

त्याला काय कळलं पाहिजे, ते थोडक्यात. आपल्या शरीरातल्या जोडणाऱ्या ऊतींना फायब्रिलिन नावाचं प्रथिन आधार देतं. ते बनवणाऱ्या जनुकात बिघाड असला की हाडं लांब वाढतात, डोळ्यातली लेन्स धरून ठेवणारे धागे सैल पडतात आणि हृदयातून निघणारी मोठी धमनी, म्हणजेच महाधमनी, मुळाशी हळूहळू रुंदावते. सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगा येतो, तसं. दाब एकदम वाढला तर तिचा आतला थर चिरू शकतो, आणि ती तातडीची वेळ असते. साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो, म्हणजे फार विरळाही नाही. गोळी दाब आणि ठोके कमी ठेवते, दरवर्षीची इको माप सांगते, आणि माप साधारण ५ सेंटिमीटरच्या आसपास पोचलं की ती धमनी फाटण्याआधीच ठरवून शस्त्रक्रिया करतात. घरात कोणाची महाधमनी फाटलेली असेल तर त्याआधीही. म्हणून त्याच्या बाबांचं जाणं डॉक्टरांना नीट सांगा. तो खरंच अटॅक होता की आणखी काही, हे मी सांगू शकत नाही, पण ४१ वय, उंच बांधा आणि अचानक मृत्यू, हे ऐकल्यावर डॉक्टरांचा हिशेब बदलू शकतो. त्या वेळचे दवाखान्याचे कागद असतील तर शोधून काढा. आणि हे कोणाच्या घराण्यातून आलं, यावर घरात वाद नको. जवळपास चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांच्या घरात तर आधी कोणालाच नसतं.

पोरगा रात्री मोबाइलवर शोधणारच. जुन्या लिखाणात त्याला असं सापडेल की मार्फनचे रुग्ण सरासरी ३२व्या वर्षी जातात. ते १९७२ सालच्या अभ्यासातलं आहे, इको आणि आजची शस्त्रक्रिया सर्रास नव्हती तेव्हाचं. आता वेळेवर देखरेख असेल तर लोक सत्तरीपर्यंत जगतात. हे त्याने तुमच्या तोंडून आधी ऐकावं. आणि पन्नास वर्षं हातात आहेत असं धरूनच करिअरचा विचार करायचा, चार-पाच वर्षं कशीबशी ढकलायचा नाही.

आता वर्दी. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. गोळाफेक म्हणजे श्वास रोखून एकदम जोर. रक्तदाब क्षणात उसळतो, आणि त्याला टाळायचं आहे ते नेमकं हेच. सैन्याच्या प्रशिक्षणात हे रोजचं. दिरांना सांगा, एमपीएससी म्हणजे एकच नोकरी नव्हे. संयुक्त परीक्षेतून पोलीस उपनिरीक्षक व्हायचं तर शारीरिक चाचणी आहे, पण राज्यकर निरीक्षक किंवा सहायक कक्ष अधिकारी पदाला ती नाही. तो रस्ता त्याला खुला आहे. फक्त अकरावीच्या पोराला आत्ताच त्या वाटेवर ढकलू नका. आधी चांगली पदवी होऊ द्या, नाहीतर पंचविशीत हातात ना पद ना पदवी अशी पोरं माझ्याकडे दर महिन्याला येतात.

उंची बघून लोक त्याला बास्केटबॉल, व्हॉलीबॉलकडेही ओढतील. अमेरिकेची फ्लो हायमन जगातली नावाजलेली व्हॉलीबॉलपटू होती, १९८४च्या ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाला रौप्य मिळालं. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना सुरू असतानाच ती बाकावर कोसळली आणि गेली. मार्फन असल्याचं नंतर कळलं. वय अवघं ३१. तुमच्या मुलाला हे आज कळलंय, हा फार मोठा फरक आहे. चालणं, सपाट रस्त्यावर सावकाश सायकल, आरामात पोहणं असं बोलता बोलता करता येईल इतपत चालतं, तेही डॉक्टरांना विचारून. अंबाझरीला सकाळी फिरायला जाऊ द्या की. मे महिन्यातल्या आपल्या ४५ डिग्रीत मात्र भर दुपारी क्लासला सायकल मारत जाणं नको. ठोके कमी करणारी गोळी आणि उन्हात आटलेलं पाणी, दोन्ही मिळून चक्कर येते.

मग करायचं काय? तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, ते मी दोनदा वाचलं : खोलीत विमानं आणि नकाशे. त्याला विचारा, एनडीएमधलं नेमकं काय हवं होतं? वर्दी, विमान की नकाशा? वर्दी असेल तर ते दुःख त्याला काही महिने करू द्या, लगेच पर्याय समोर नाचवू नका. पण नकाशा असेल, तर तो योग्य गावात जन्माला आलाय. व्हीएनआयटीच्या परिसरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, उपग्रहाच्या चित्रांवरून शेती, पाणी, जंगल यांचे नकाशे करण्याचं काम तिथे होतं. इस्रोच्या एनआरएससीचं, म्हणजे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं, विभागीय केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो, दोन्ही अमरावती रोडला. विमानतळाजवळ हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र. या कामाकडे जायला सिव्हिल किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, भूगोल, जिओइन्फर्मेटिक्स (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचं शास्त्र) असे रस्ते आहेत. हवामानशास्त्रासाठी फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी आणि पुढे एमएस्सी. हवाई वाहतूक नियंत्रक ही नोकरीही विमानवेड्या पोरांना आवडते, पण तिला वैद्यकीय तपासणीचे निकष आहेत. ते त्याच्या डॉक्टरांना आधी दाखवा, मगच त्याच्या डोक्यात भरवा.

इंजिनिअरिंगबद्दल तुमच्या भावाचं बरोबर आहे, फक्त शाखा डोळसपणे निवडा. पहिल्या वर्षाला सगळ्यांना वर्कशॉप असतं. व्हाइसमध्ये लोखंड घट्ट धरून कानस मारणं, घणाने ठोकणं. डॉक्टरांचं पत्र प्रवेशाच्या वेळीच विभागप्रमुखांना द्या आणि जोराचं काम वगळून घ्या; प्रॅक्टिकलच्या दिवशी सरांसमोर अवघडून उभं राहण्यापेक्षा ते बरं. मेकॅनिकल पूर्ण वर्ज्य नाही, डिझाइनमध्ये काम आहे, पण शॉप फ्लोअरवर ट्रेनी म्हणून पाच वर्षं घालवायची असतील तर नको. आणि कॉम्प्युटर म्हणजे आपोआप सुरक्षित असंही धरू नका. मार्फनमध्ये पाठीचा कणा वाकू शकतो, डोळ्यांचा पडदा सुटायची भीती असते. रात्रपाळीत लॅपटॉपवर वाकून बारा तास बसणं म्हणजे काही आराम नव्हे. आत्ताही कॉलेजातल्या बाकाकडे बघा. सहा फूट दोनचा मुलगा पाच फुटीच्या बाकावर गुडघे वर घेऊन, पाठीचं धनुष्य करून बसतो. प्राचार्यांना अर्ज देऊन उंच टेबल आणि पहिल्या रांगेची जागा मागा, बोर्डाच्या परीक्षेतही.

पुण्याला पाठवायचं तर पाठवा. अट एकच : इको दरवर्षी एकाच ठिकाणी, शक्यतो त्याच डॉक्टरांकडे. मशीन आणि मोजणारा बदलला की एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात आणि धमनी वाढली की मोजमाप चुकलं तेच कळत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला आला की करून घ्या, सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये. हॉस्टेलवर गेल्यावर त्याच्या पाकिटात एक कार्ड हवं. त्यावर मराठी आणि इंग्रजीत एवढंच : ‘मला मार्फन सिंड्रोम आहे. छातीत किंवा पाठीत अचानक तीव्र दुखलं तर महाधमनी चिरल्याची शक्यता धरा, ताबडतोब सीटी अँजिओ करा.’ खाली गोळीचं नाव, शेवटचं माप, तुमचा नंबर. कॅज्युअल्टीत तरुण पोराच्या छातीत दुखणं गॅस म्हणून निघून जाऊ शकतं, कार्डमुळे ते होणार नाही. एकदम श्वास लागून एका बाजूला छातीत टोचलं तरी दवाखाना, कारण या आजारात फुप्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर साचू शकते. डोळ्यापुढे विजा चमकल्या किंवा पडदा आला तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

आणि मेडिकल स्टोअर. हॉस्टेलच्या मेसचं खाऊन पोट बिघडलं की पोरं कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘ओफ्लॉक्स’ नाहीतर ‘सिप्रो’ची पट्टी घेऊन येतात, चिठ्ठीबिठ्ठी काही नसते. या गटातल्या औषधांनी महाधमनीला धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला, आणि त्यात मार्फनचं नाव घेऊन सांगितलं. म्हणून सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ओफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही तीन नावं त्याच कार्डाच्या मागे लिहा. नवा कोणताही डॉक्टर असो, आधी कार्ड दाखवायचं.

फॉर्मचं उत्तर दोन भागांत आहे. सरकारी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत आणि विम्याच्या अर्जात लपवू नका. पुढे उघडं पडलं तर नोकरीवर किंवा क्लेमवर येतं. खासगी कंपनीच्या बायोडेटामध्ये मात्र आजार लिहायची काहीच गरज नाही. मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप विम्यात बहुतेकदा आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, आणि ऑफर आली की पगाराच्या आकड्याआधी त्याने हेच विचारावं. स्वतंत्र पॉलिसी आत्ता घ्यायची तर आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकते, म्हणजे पदवीपर्यंत ती संपते. कंपन्या नकारही देतात, तरी दोन-तीन ठिकाणी विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया आहेत. तुम्ही त्यात बसता का, ते सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड घेऊन विचारा.

प्रमाणपत्राचं स्पष्ट सांगते, त्यावर बेत बांधू नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात मार्फन असं नाव नाही. आजाराने डोळ्यांचं, हाडांचं किती नुकसान झालं ते मोजतात, आणि आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात. चष्म्यासह ६/१२ नजर अल्पदृष्टीच्या व्याख्येत येत नाही. पुढे नजर उतरली किंवा कणा बराच वाकला तर यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, निर्णय मेडिकल बोर्डाचा. तोवर त्याला खुल्या स्पर्धेतच उतरायचंय अशी तयारी ठेवा.

शेवटी धाकटी. तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिलीय, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. हा आजार असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी, आणि ‘ठणठणीत’ दिसण्याने काही ठरत नाही. फ्लो हायमन गेल्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तेच निघालं आणि शस्त्रक्रिया करून घेता आली. मुलीची इको आणि बाहुली मोठी करून डोळ्यांची तपासणी, दोन्ही याच महिन्यात करा. दिरांनाही आणि नणंद असेल तर तिलाही इको करायला सांगा. खो-खोचं रिपोर्ट आल्यावर बघू, तोवर तिच्या सरांना भेटून सराव थांबवा आणि का थांबवला ते तिलाही सांगा.