एका डाव्या खांद्याचं उत्तर

प्रश्न असा आहे : 'आयुष्यभर दुय्यम भूमिका केलेल्या कलाकारांना प्रसिद्धीबद्दल खरंच काय वाटतं? हिरो न झाल्याची खंत मनात राहते का?'

विचारणारे कोण आहेत मला ठाऊक नाही, पण त्यांनी 'खरंच' हा शब्द घातलाय म्हणून लिहायला बसलो. मुलाखतीत हा प्रश्न आला की आम्ही 'छे हो, भूमिका कधी छोटी नसते' असं सांगून मोकळे होतो. भूमिका छोटी असते. पाकीट हातात पडलं की कळतं.

वय ७३. राहायला कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. नाटक, सिनेमा, मालिका सगळं धरून ४५ वर्षं तोंडाला रंग लावला. पाटलाचा कारभारी, हिरोचा मामा, पोरीचा बाप, फौजदार, पोस्टमन, दोनदा न्यायाधीश आणि मोजदाद नाही इतक्या वेळा नुसताच गावकरी. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, तुम्हाला आठवायचं नाही. फोटो टाकला तर मात्र 'अरे, हे तर ते...' इथपर्यंत याल आणि तिथंच अडकाल. माझी प्रसिद्धी म्हणजे हे 'ते'.

गंगावेशीत संध्याकाळी दूधकट्टा भरतो. समोर म्हैस पिळतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. मी जातो अधूनमधून. एकदा एक गृहस्थ ग्लास तोंडाला न लावता माझ्याकडंच बघत उभे.

"तुम्हाला कुठंतरी बघितलंय."

मी गप्प राहिलो. ह्या वेळी मी मुद्दामच गप्प राहतो. आवडतं मला ते, खोटं कशाला बोलू.

"महापालिकेत होता काय? घरफाळ्याला?"

"नाही."

"मग आमच्या भावकीतल्या लग्नात..."

शेवटी त्यांच्या बायकोनं ओळखलं. "अवो, ते न्हाईत का, विहिरीत ढकलत्यात बघा ते!" गृहस्थ एकदम खूश. माझ्या दुधाचे पैसे त्यांनी दिले आणि निघताना काळजीनं विचारलं, "पवायला येत न्हवतं व्हय?"

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो, पण त्यासाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. तिला आम्ही 'सजेशन' म्हणतो. दोन माणसं समोरासमोर बोलतायत. कॅमेरा एकाच्या पाठीमागं लावतात. समोरच्याचं तोंड पूर्ण दिसतं आणि पाठमोऱ्याचा खांदा, मानेचा थोडा भाग, एखादा कान तेवढा कडेला येतो. समोर दुसरं कुणीतरी आहे एवढं सुचवायचं, म्हणून सजेशन. मग कॅमेरा फिरवून उलट बाजूनं तेच सगळं पुन्हा घ्यायचं. हा झाला नियम. प्रत्यक्षात काय होतं, तर हिरोची बाजू आधी घेतात. ती होईपर्यंत ऊन उतरतं, नाहीतर शिफ्ट संपत येते, मग दिग्दर्शक म्हणतो, 'काकांचं राहू दे, मास्टरमध्ये आलंय.' मास्टर म्हणजे लांबून सगळे दिसतात तो शॉट. त्यात माझं तोंड मुगाच्या दाण्याएवढं.

मी ज्यांच्याबरोबर जास्त कामं केली त्या हिरोचा उजवा गाल चांगला दिसायचा, त्यामुळं माझी उभं राहायची जागा ठरलेली. असं करत करत महाराष्ट्रानं माझा डावा खांदा माझ्या तोंडापेक्षा जास्त बघितलाय.

आणि चुकून माझी बाजू घेतलीच, तर समोर हिरो नसतो. तो गाडीत जाऊन बसलेला असतो. एका लाइट-स्टँडला चिकटपट्टी लावतात, 'काका, लूक इथं द्या' म्हणतात, आणि एक असिस्टंट पोरगा कागदात बघून हिरोची वाक्यं वाचतो. "बाबा-तुम्ही-मला-सोडून-जाऊ-नका-पुढे-हुंदका." ह्याच्यावर रडायचं असतं. मी रडलोय. एकदा तर तो पोरगाच रडायला लागला आणि वाक्य विसरला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी दाद तीच असावी, पण ती पडद्यावर दिसली नाही. तो अख्खा सीन नंतर उडाला.

उडालेल्या सीनवरून आठवलं. लग्नाला दोनच वर्षं झाली होती. एका सिनेमात मला तीन सीन होते, त्यातला एक चांगला मोठा, मुलीची पाठवणी करतानाचा. मी सासुरवाडीला सांगून ठेवलं. कागलकडनं अकरा माणसं एसटीनं आली, म्हाताऱ्या आजेसासूसकट. तिकिटं मी काढली. इंटरव्हल झाला, मी नाही. पाठवणी आली. वरात आली, बँड आला, मुलीची आई रडली, मी नाही. संकलनात दोन सीन गेले होते, आणि तिसऱ्यात हिरो बोलत होता तेव्हा त्याच्यासमोर एक पाठमोरा माणूस उभा होता. तेवढ्यात थेटरातल्या अंधारात सासूबाई मोठ्यानं ओरडल्या, "अगं, जावईबापू! त्ये काय!" पुढच्या रांगेतल्या लोकांनी मागं वळून बघितलं. बायको काही बोलली नाही. बाहेर आल्यावर सासऱ्यांनी गाड्यावरची भजी घेतली आणि पुडा आधी माझ्यासमोर धरला. एवढा मान मला पुढं कुठल्या सत्कारात मिळाला नाही.

खंत. तर होती. तिशी उलटेपर्यंत रोज होती. मंगळवार पेठेत वाढलेलं पोरगं मी. जयप्रभा स्टुडिओ पायी पाच मिनिटांवर. शाळा बुडवून गेटावर उभं राहायचं, गर्दीला माणसं कमी पडली की आत घ्यायचे. मावळ्याचा अंगरखा, हातात लाकडी तलवार, दुपारचं जेवण आणि वर दोन रुपये. स्टुडिओचे मालक आणि दिग्दर्शक भालजी पेंढारकर, म्हणजे सगळ्यांचे 'बाबा', त्यांना लांबूनच बघितलेलं. १९४८च्या जाळपोळीत त्यांचा स्टुडिओ जळाला होता आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला, हे आम्हाला घरातली गोष्ट असल्यासारखं सांगितलं जायचं. अशा गल्लीत राहून हिरो व्हायचं स्वप्न पडलं नाही असं कोण म्हणेल? आमच्या पेठेत त्या काळी दर तिसऱ्या घरात एक हिरो आरशासमोर उभा होता.

आमच्या नाटकाच्या ग्रुपमधला एक जण खरंच झाला. नाव घेत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत आम्ही बरोबर असायचो. बक्षीस मला मिळालं होतं, सिनेमा त्याला. तो दिसायला देखणा होता आणि मी नव्हतो, यात अन्याय काही नाही, पण हे समजायला मला पंधरा वर्षं लागली. त्याचा पहिला सिनेमा चालला तेव्हा मी हार घेऊन गेलो. चौथा पडला त्या रात्री मी घरी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. बायकोनं विचारलं, आज काय एवढं? मी सांगितलं, पांढरा रस्सा झकास झालाय.

तो वर होता तेव्हा त्याला गंगावेशीत उभं राहून दूध प्यायला यायचं नाही, गर्दी व्हायची. ड्रायव्हर बंद गाडीत ग्लास नेऊन द्यायचा. मग दहा-बारा वर्षांत सगळं ओसरलं. एकदा मी त्याला त्याच कट्ट्यावर बघितलं. एकटा. संध्याकाळचे सात वाजलेले, डोळ्यांवर काळा गॉगल. दर दोन मिनिटांनी तो गॉगल कपाळावर चढवायचा, इकडंतिकडं बघायचा, परत खाली घ्यायचा. कुणीच बघत नव्हतं. मी पुढं होऊन मोठ्यानं त्याच्या नावानं हाक मारली, आडनावासकट, दोन-चार माणसं वळतील अशी. वळली. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी कशाला ओरडलो ते त्याला कळलं होतं. त्या दिवसापासून खंत कमी झाली. गेली असं म्हणणार नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. निम्मं आयुष्य मी साखर कारखान्यात हंगामी होतो. गळीत चालू असताना काट्यावर उसाच्या गाड्यांच्या स्लिपा फाडायच्या आणि गळीत संपलं की मेकअपच्या खुर्चीत. पण नाटकाचे दौरेही नेमके थंडीतच, त्यामुळं बिनपगारी रजांचा हिशेब माझ्यापेक्षा टाइम ऑफिसला जास्त पाठ. बायकोनं पिको-फॉल आणि ब्लाउज शिवून घर रेटलं. मालिकांमध्ये काम केल्यापासून नव्वद दिवसांनी पैसे येतात, तेही आले तर. एका निर्मात्याचा चेक दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मी टाकलाच नाही. ह्या क्षेत्रात येणाऱ्या पोरापोरींनी 'रोल काय आहे' ह्याच्या आधी 'चेक कधी' हे विचारावं. लाज वाटू देऊ नये. हिरो विचारतातच.

प्रसिद्धीबद्दल माझं एक निरीक्षण आहे, ते केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर बांधलं तेच हे, खासबागेला लागून. केशवराव हे त्यांच्या काळातले केवढे मोठे गायक नट, ललितकलादर्श नाटक कंपनीचे मालक, १९२१ साली वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी गेले. आता कोल्हापुरात काय म्हणतात? 'आज केशवरावला काय आहे?' 'केशवरावच्या मागं गाडी लाव.' माणसाचा पत्ता झाला. पोरांना विचारा केशवराव कोण, ती हात करून दाखवतील, ते काय तिकडं. मला यात वाईट काही वाटत नाही. उलट एवढी प्रसिद्धी कुणालाच मिळाली नाही असं वाटतं. चेहरा गेला, आवाज गेला, तरी लोक रोज संध्याकाळी 'केशवरावला जाऊन येतो' म्हणून घरातून निघतात.

म्हणजे निघायचे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी चपला उलट्या-पालट्या घालून गेलो होतो. गर्दीत सगळे ओळखीचे चेहरे, लाइटवाले, पडदेवाले, मेकअपदादा, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माझी पहिली एन्ट्री तिथली, विंगेत उभं राहून पोटात गोळा आलेला तिथला. उजव्या विंगेतल्या खांबाला मी दर प्रयोगाआधी डोकं टेकायचो. तो खांब राहिला की गेला हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

शाली मात्र माझ्याकडं पुष्कळ आहेत. सत्काराला मानधन नसतं, शाल-श्रीफळ असतं. नारळाची चटणी होते, शालींचं काय करणार? बायको लग्नकार्यात, मयताला, कामवाल्या मावशींना देत आली. एकदा एका तरुण मंडळानं माझ्या अंगावर शाल घातली, ती मला ओळखीची वाटली. घरी येऊन बघितली तर कोपऱ्यात इस्त्रीचा बारीक तांबूस डाग. आमच्याच इस्त्रीचा. चार वर्षांत कुठं कुठं, किती थोरामोठ्यांच्या खांद्यावर फिरून आली असेल कोण जाणे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काम थांबलं. आधी खरी कॉर्नरला, बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याच्या स्मारकापाशी, सकाळी सहाला युनिटची गाडी घ्यायला यायची आणि मोरेवाडीच्या चित्रनगरीत सोडायची. ते बंद झालं तसं मुलीनं ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी माझा अर्ज भरला. शासन महिन्याला ५,००० रुपये देतं. उत्पन्न कमी असावं अशी अट आहे, ती मी एका दमात पार केली. अडलं ते दुसरीकडंच. कलावंत असल्याचा पुरावा पाहिजे. प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो. शाली चालत नाहीत.

ट्रंक उपसली. स्पर्धेचं प्रमाणपत्र वाळवीनं अर्धं खाल्लेलं. पेपरवाले फोटो छापायचे तो हिरो-हिरॉइनचा. सापडला तो एका सिनेमाचा मोठा फोटो, थेटराच्या बाहेर काचेत लावायचे तसला. त्यात हिरो हात जोडून उभा, आणि कडेला माझा डावा खांदा, मान आणि कान. मुलीनं त्यावर बॉलपेननं बाण काढला आणि लिहिलं, 'अर्जदार'.

खिडकीतल्या बाई तरुण होत्या, माझ्या नातीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं, परत फोटो बघितला.

"आजोबा, हे तुम्हीच कशावरून?"

काय सांगणार? मी काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिलो. सवयीनं डावा खांदा जरा पुढं काढला, मान कलती केली. मागनं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई उठून जवळ आल्या होत्या. रांगेतली माणसं बघत होती. मी हललो नाही, शॉट चालू असताना हलायचं नसतं.

"कान तुमचाच आहे," त्या म्हणाल्या, आणि अर्जावर शिक्का मारला. "आता समितीपुढं जाईल. बसा, पोच देते."